काळा ड्रॅगन मुलाचा, फूल मुलीचे: कोरियातील गर्भस्वप्ने

दक्षिण कोरियात 5,000 वॉनच्या नोटेवर यी ई ऊर्फ युलगोक या सोळाव्या शतकातील तत्त्वज्ञाचे चित्र आहे आणि 50,000 वॉनच्या नोटेवर त्याच्या आईचे, शिन साइमदांगचे. या मायलेकरांच्या चरित्रात एक स्वप्न आहे. 1536 साली बाळंतपण तोंडावर आले असताना साइमदांगला दिसले, की पूर्वेच्या समुद्रातून एक काळा ड्रॅगन उडत आला आणि ती निजली होती त्या खोलीशी येऊन विसावला. मुलगा झाला. त्याचे बाळपणीचे नाव ह्यॉन्न्योंग ठेवण्यात आले, म्हणजे 'ड्रॅगन दिसला', आणि त्या खोलीला मोंगन्योंगसिल म्हणजे 'स्वप्नातल्या ड्रॅगनची खोली' असे नाव पडले. गांगनुंग शहरातील ओजुक्हॉन या जुन्या घरात ती खोली आजही आहे आणि लोक ती आवर्जून पाहायला जातात.

अशा स्वप्नाला कोरियन भाषेत 'थेमोंग' म्हणतात. 'थे' म्हणजे गर्भ आणि 'मोंग' म्हणजे स्वप्न. मराठीत त्याला गर्भस्वप्न म्हणता येईल, पण एवढ्याने अर्थ पुरता पोहोचत नाही, कारण हे स्वप्न गर्भवतीलाच पडावे असा नियम नाही. ते नवऱ्याला पडते, सासूला पडते, माहेरच्या आईला, मावशीला, एखाद्या मैत्रिणीलाही पडते. कधी दिवस राहण्याच्या आधी पडते, कधी दिवस गेल्यावर, आणि साइमदांगप्रमाणे कधी अगदी प्रसूतीच्या उंबरठ्यावर. पुष्कळदा स्वप्न पडलेल्या व्यक्तीला घरात कोणी गरोदर आहे हे ठाऊकच नसते, आणि मग सकाळी उठून आजी लेकीसुनांना एकेक करून विचारू लागते, की कोणाकडे काही गोड बातमी आहे का. नेहमीची स्वप्ने तोंड धुवेपर्यंत विरून जातात, थेमोंग मात्र रंग, वजन आणि स्पर्श यांसकट वर्षानुवर्षे लक्षात राहते, अशी समजूत आहे. किंबहुना तीच त्याची ओळख मानली जाते.

या स्वप्नांची घडण एकदा ध्यानात आली की पुढचे समजायला सोपे जाते. थेमोंगमध्ये काहीतरी जवळ येते आणि स्वप्न पाहणारी व्यक्ती ते स्वीकारते. डुक्कर धावत येऊन अंगावर झेपावते, साप पायाला विळखा घालतो, वाघ दारातून आत येऊन बसतो, आकाशातला सूर्य ओंजळीत उतरतो, झाडावरची फळे तोडून बाई ती घागऱ्याच्या घोळात गोळा करते. हे शेवटचे चित्र कोरियन स्वप्नकथांत फार वेळा येते, आणि ओटी भरण्याची रीत पाहत वाढलेल्या मराठी वाचकाला ते वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. कुशीत, घोळात, ओंजळीत घेतलेली वस्तू म्हणजे येणारे मूल, एवढा साधा हा संकेत आहे.

प्रश्न सुरू होतो तो त्यानंतर: वस्तू कोणती होती? लोकसमजुतीप्रमाणे ड्रॅगन, वाघ, अस्वल, बैल, घोडा, रानडुक्कर, मोठा अजगरासारखा साप, सूर्य आणि लाल मिरची ही मुलाची चिन्हे होत. फुले, फुलपाखरे, लहान पक्षी, चंद्र, अंगठी, मोती आणि मऊ, रसाळ फळे ही मुलीची. मिरची मुलाची का, हे कोरियन माणसाला विचारावे लागत नाही, कारण 'गोचू' म्हणजे मिरची हाच शब्द लहान मुलाच्या लिंगासाठी लाडाने वापरला जातो. बाकीच्या वाटणीमागे पूर्व आशियातील यिन आणि यांग यांची जुनी कल्पना आहे. सूर्य, उष्णता, बळ, मोठेपणा हे यांग म्हणजे पुरुषाकडे गेले. चंद्र, ओलावा, मृदुता, लहानपणा हे यिन म्हणजे स्त्रीकडे आले. म्हणजे ही यादी मूल ओळखण्याची किल्ली म्हणून सांगितली जात असली, तरी तिच्यात प्रत्यक्षात लिहिले आहे ते पुरुष कसा असावा आणि बाई कशी असावी याबद्दलचे समाजाचे मत.

यादी म्हणून ती टिकतही नाही. साप मोठा असेल तर मुलगा, लहान किंवा नक्षीदार असेल तर मुलगी. मिरची लाल असेल तर मुलगा, हिरवी असेल तर काही ठिकाणी मुलगी. प्राणी एकटा होता की कळपात, फळ पिकलेले होते की कच्चे, जनावर अंगावर आले की नुसतेच दूरवर दिसले, असे उपनियम निघत जातात आणि दोन गावांचे उपनियम एकमेकांशी जुळत नाहीत. डुकराची तर आणखी वेगळी अडचण आहे, कारण डुक्कर हे कोरियात धनाचेही चिन्ह आहे. स्वप्नात डुक्कर आले की पाळणा हलणार असे मानायचे की लॉटरीचे तिकीट काढायचे, हा विनोद तिथे घरोघर चालतो. कोरियन भाषेत एक म्हण आहे, तिचा भावार्थ 'स्वप्नापेक्षा त्याचा लावलेला अर्थच सरस' असा आहे. थेमोंगचे सारे कामकाज त्या म्हणीत येते.

भाकीत खरे कसे ठरते, याचे उत्तर मग फारसे गूढ राहत नाही. मुलगा किंवा मुलगी या दोनच शक्यता असल्यामुळे डोळे मिटून सांगितले तरी जवळजवळ निम्मी उत्तरे बरोबर येणारच. त्यात स्वप्न पाहणारी माणसे आठ-दहा, आणि मुदत जवळजवळ वर्षभराची. इतक्या माणसांना इतक्या रात्रींत एकदाही फळ, फूल किंवा जनावर दिसले नाही तरच नवल. गरोदर बाईची झोप, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, वारंवार मोडते आणि स्वप्न चालू असतानाच जाग आली की ते अधिक लक्षात राहते. उरलेले काम आठवण करते. मूल जन्मल्यावर, त्याचा स्वभाव दिसू लागल्यावर, स्वप्नाची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जाते आणि दर खेपेला मुलाला बेतून थोडी शिवली जाते. यात कोणी खोटे बोलत नसते. आपल्याकडे डोहाळेजेवणात झाकलेल्या वाट्यांतून पेढा निघाला की मुलगा आणि बर्फी निघाली की मुलगी, हा खेळ चालतो. त्यातही पुढे आठवते ती बरोबर निघालेलीच वाटी.

जुन्या ग्रंथांतली गर्भस्वप्ने वाचली, की एक गोष्ट ठळकपणे जाणवते. तिथे स्वप्नाचा मुख्य प्रश्न 'मुलगा की मुलगी' हा नसून 'हे मूल कोण होणार' हा असतो. 1145 साली किम बू-सिक याने सिद्ध केलेल्या 'सामगुक सागी' या इतिहासग्रंथात सिल्ला राज्याचा सेनापती किम यू-सिन याच्या जन्माची हकीकत आहे. यू-सिनचा जन्म 595 सालचा. त्याच्या वडिलांना स्वप्नात मंगळ आणि शनी हे दोन ग्रह आपल्याकडे उतरताना दिसले. त्याच्या आईला सोनेरी चिलखत घातलेला एक मुलगा ढगावर बसून घरात शिरताना दिसला. आणि मूल वीस महिन्यांनी जन्मले. वडिलांना स्वप्न पडले त्या दिवसाचे पंचांगातले नाव ग्यॉंगजिन होते, म्हणून मुलाला तेच नाव द्यावे असे त्यांच्या मनात आले, पण दिवसाचे नाव माणसाला देणे रीतीला धरून नव्हते. तेव्हा त्या अक्षरांशी रूपाने आणि उच्चाराने जवळची अक्षरे शोधून 'यू-सिन' हे नाव बसवले गेले. स्वप्न केवळ सांगायचे नसते, ते नावात मुरवायचे असते, ही पद्धत इतकी जुनी आहे.

आता फुलाकडे वळू, कारण फूल म्हणजे मुलगी असे आज कोणीही सहज सांगेल. गोर्यॉ राजवटीचा अखेरचा निष्ठावान मंत्री म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो चोंग मोंग-जू 1337 साली जन्मला. तो पोटात असताना त्याच्या आईला स्वप्न पडले, की आपल्या हातात ऑर्किडची कुंडी आहे आणि ती आपल्याकडून पडली. ती दचकून जागी झाली. जन्मलेल्या मुलाचे नाव तिने मोंग-नान, म्हणजे 'स्वप्नातले ऑर्किड' ठेवले. मुलगा नऊ वर्षांचा झाल्यावर तिला दिवसा डोळा लागला असताना अंगणातल्या नासपतीच्या झाडावर एक काळा ड्रॅगन चढताना दिसला. बाहेर येऊन पाहते तर झाडावर आपलाच मुलगा. मग नाव बदलून मोंग-न्योंग, 'स्वप्नातला ड्रॅगन', असे केले. प्रौढ झाल्यावर तो मोंग-जू झाला. म्हणजे एकाच मुलाच्या वाट्याला फूलही आले आणि ड्रॅगनही, आणि फुलाने कोणी गोंधळले नाही, कारण चिनी-कोरियन विद्वत्परंपरेत ऑर्किड हे सज्जन, सुगंधी चारित्र्याच्या पुरुषाचे प्रतीक होते. चिन्हाला लिंग चिकटलेले नसते, ते वेळोवेळी चिकटवले जाते, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

दुसरी गोष्ट तेराव्या शतकात इर्यॉन या भिक्षूने संकलित केलेल्या 'सामगुक युसा' या ग्रंथातली आहे. काटेकोरपणे पाहिले तर हे गर्भस्वप्न नव्हे, पण स्त्री, स्वप्न आणि सत्ता यांचे नाते तिच्यात जितके उघड दिसते तितके क्वचितच कुठे दिसते. किम यू-सिनला बोही आणि मुन्ही अशा दोन बहिणी होत्या. थोरल्या बोहीला स्वप्न पडले, की ती पश्चिमेच्या डोंगरावर चढून लघवीला बसली आणि त्या पाण्याने सारी राजधानी बुडून गेली. सकाळी तिने हे धाकटीला सांगितले, तशी मुन्ही म्हणाली, हे स्वप्न मी विकत घेते. किंमत ठरली एक रेशमी घागरा. मुन्हीने आपल्या वस्त्राचा पुढचा भाग उघडून धरला, बोहीने कालचे स्वप्न तुला दिले असे म्हटले, आणि व्यवहार पुरा झाला. काही दिवसांनी यू-सिन आपला मित्र किम चुन-चू याच्याशी चेंडू खेळत असताना त्याने मुद्दाम मित्राच्या वस्त्राच्या काठावर पाय देऊन तो फाडला आणि शिवून घेण्यासाठी त्याला घरी आणले. शिवायला बोही पुढे आली नाही, मुन्ही आली. चुन-चू पुढे सिल्लाचा राजा झाला, मुन्ही राणी झाली, आणि तिचा मुलगा मुनमू याच्या कारकिर्दीत सिल्लाने कोरियातील राज्यांचे एकीकरण पुरे केले.

राजधानी बुडवणारे हे स्वप्न एखाद्या पुरुषाला पडले असते, तर तो स्वतः राजा होणार असा त्याचा अर्थ लागला असता. इथे ते दोन तरुण बहिणींच्या हाती असल्यामुळे त्याचे फळ नवऱ्याच्या आणि मुलाच्या वाटेने आले. आणि गंमत अशी की याच सिल्लामध्ये 632 पासून सोनडॉक ही राणी स्वतःच्या अधिकाराने गादीवर होती आणि तिच्यानंतर चिनडॉक.

आईच्या स्वप्नातून थोर पुत्र ही कथा कोरियाला एकट्याने सुचलेली नाही. बौद्ध धर्म कोरियन द्वीपकल्पात 372 साली पोहोचला, आणि त्याच्याबरोबर मायादेवीच्या स्वप्नात आलेला पांढरा हत्तीही पोहोचला. बुद्धचरित्राचे आठ प्रसंग दाखवणारी चित्रे कोरियन मंदिरांत असतात आणि त्यांतला पहिलाच प्रसंग या स्वप्नाचा असतो. हेच स्वप्न आपल्या अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात भिंतीवर रंगवलेले आहे. सिल्लातला भिक्षू वॉनह्यो 617 साली जन्मण्यापूर्वी त्याच्या आईला उल्का आपल्या कुशीत शिरताना दिसली, असे लिहिले आहे. त्या हकिकतीवर या चौकटीची छाया स्पष्ट आहे.

आता पुन्हा ओजुक्हॉनला जाऊ, कारण पुत्रजन्माच्या कोरियातील सर्वांत प्रसिद्ध स्वप्नाचे हे घर मुलींच्या वारशाने चालत आलेले होते. साइमदांगला भाऊ नव्हता; त्या पाच बहिणी होत्या. तिच्या आईला हे घर माहेरकडून मिळाले होते, म्हणजे ते सासऱ्याकडून जावयाकडे आले होते, आणि पुढेही ते साइमदांगच्या बहिणीच्या मुलाकडे, म्हणजे पुन्हा लेकीच्या वंशाकडे गेले. घराभोवतीच्या काळ्या बांबूंवरून 'ओजुक्हॉन' हे नाव पडले ते या भाच्याच्या काळात. सोळाव्या शतकात मुलीने लग्नानंतर दीर्घकाळ माहेरी राहणे, तिथेच मुलांना जन्म देणे आणि भावंडांबरोबर मालमत्तेत वाटा घेणे हे सर्रास होते. 'परंपरागत कोरियन कुटुंब' म्हणून जे चित्र आज डोळ्यांसमोर येते, ज्यात थोरला मुलगा सर्वस्व आणि मुलगी परक्याचे धन, ते मुख्यतः सतराव्या शतकानंतर, चोसॉन राजवटीत कन्फ्यूशियन विधी घराघरांत रुजल्यावर घट्ट झाले. पूर्वजांचे श्राद्धविधी मुलानेच करायचे आणि वंश मुलानेच चालवायचा, हे एकदा ठरल्यावर गर्भस्वप्नाला विचारायचा प्रश्न बदलला.

तो बदल किती खोल होता हे चालीरीतींत दिसते. बायकोला घराबाहेर काढण्याची सात कारणे मान्य होती, त्यांत मुलगा न होणे हे एक होते. मुलासाठी बायका डोंगरातल्या विशिष्ट खडकांना नवस बोलत, छोट्या कुऱ्हाडीच्या आकाराचा दागिना अंगावर बाळगत, आणि दगडी बुद्धमूर्तींच्या नाकाची पूड खरवडून ती पाण्यातून पीत. नाके झिजलेल्या अशा मूर्ती कोरियात अजून पाहायला मिळतात. मूल जन्मल्यावर दारावर 'गुमजुल' टांगला जाई. हा भाताच्या पेंढ्याचा दोर असतो, नेहमीच्या दोराच्या उलट, डावा पीळ देऊन वळलेला. मुलगा असेल तर त्यात लाल मिरच्या आणि कोळशाचे तुकडे खोवायचे, मुलगी असेल तर कोळसा आणि पाइनच्या हिरव्या डहाळ्या. एकवीस दिवस तो दोर दारावर राही आणि तोवर परक्याने आत पाऊल टाकायचे नसे. आत बाळबाळंतिणीची काळजी सामसिन हाल्मोनी, म्हणजे सामसिन आजी, घेत असे. तिच्यापुढे भात आणि समुद्रशेवाळाचे सूप ठेवले जाई. ही देवता आपल्या सटवाईची दूरची बहीण शोभेल. कोरियन बाळांच्या ढुंगणावर जो निळसर डाग असतो, तो या आजीने 'चल, बाहेर नीघ' म्हणून मारलेल्या चापटीचा, असे सांगतात. ती चापट मुलगा आणि मुलगी दोघांनाही सारखीच बसते.

मुलगी झाल्याची निराशा लोककथांनी लपवलेली नाही. सिमचॉंग या प्रसिद्ध पितृभक्त मुलीच्या कथेत तिच्या आईला क्रौंचासारख्या पक्ष्यावर बसून स्वर्गातून उतरणारी देवकन्या दिसते, म्हणजे स्वप्न थोर आहे आणि मुलीचेच आहे. बाप आंधळा, तो बाळाला हाताने चाचपून मुलगी असल्याचे ओळखतो. इतक्या उशिरा झालेले मूल आणि तीही मुलगी म्हणून आई हळहळते, आणि बाप तिची समजूत घालतो, की नीट वाढवली तर या मुलीच्या बदल्यात कोणी मुलगा देऊ केला तरी आपण घ्यायचा नाही. श्रोत्यांच्या मनातला प्रश्न कथाकाराने आईच्या तोंडी घातला आणि उत्तर बापाच्या.

1980 नंतरच्या काळात सोनोग्राफी आली आणि जे काम स्वप्न अदमासाने करत होते ते यंत्र खात्रीने करू लागले. दोन्हींत फरक असा, की स्वप्नाच्या भरवशावर कोणी गर्भपात करत नसे. 1987 साली गर्भाचे लिंग सांगण्यास डॉक्टरांना कायद्याने मनाई झाली, तरीही 1990 साली दर 100 मुलींमागे 116.5 मुलगे जन्मले. नैसर्गिक प्रमाण साधारण 105 असते. बारा प्राण्यांच्या पूर्व आशियाई वर्षचक्रात 1990 हे पांढऱ्या घोड्याचे वर्ष होते आणि घोड्याच्या वर्षातल्या मुली फार तापट, हेकट निघतात असा समज होता, म्हणून त्या वर्षी मुली आणखी नकोशा झाल्या. महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा 1988 साली केला, म्हणजे दोन्ही समाज एकाच सुमारास एकाच ठिकाणी उभे होते. कोरियातले प्रमाण मात्र 2007 च्या आसपास नैसर्गिक पातळीवर आले. मनाईने हे साधले असे म्हणता येत नाही. मुलींचे शिक्षण, शहरी नोकऱ्या, निवृत्तिवेतन, आणि कुटुंबप्रमुख पुरुषच असावा हे सांगणारी 'होजू' पद्धत 2008 पासून रद्द होणे, या सगळ्यांनी मिळून मुलाची गरजच ओसरली. 2009 पासून 32 आठवड्यांनंतर लिंग सांगण्याची मुभा मिळाली आणि 28 फेब्रुवारी 2024 रोजी तिथल्या घटनात्मक न्यायालयाने तीही मर्यादा काढून टाकली.

आता तिथे सर्वेक्षणांत मुलगी हवी म्हणणारे मुलगा हवा म्हणणाऱ्यांहून जास्त भरतात आणि लेकीवर जीव टाकणाऱ्या बापाला 'त्ताल-बाबो', म्हणजे लेकीपायी वेडा, असे थट्टेने म्हणतात. याला सरसकट समतेचा विजय म्हणायला मी धजणार नाही, कारण मुलगी का हवी याच्या उत्तरांत 'म्हातारपणी तीच विचारपूस करते' हे उत्तर अजून पहिल्या ओळीत असते.

थेमोंग मात्र या साऱ्यातून सुखरूप बाहेर पडले. 2023 साली कोरियात एका स्त्रीमागे सरासरी 0.72 मुले, इतका जन्मदर खाली आला. पाळणे कमी झाले तशी प्रत्येक पाळण्यासाठी स्वप्न पाहणाऱ्यांची गर्दी उलट वाढली असेल. बाळाला पोटात असतानाच 'थेम्यॉंग' नावाचे लाडके नाव देण्याची रीत आता रूढ आहे आणि ते पुष्कळदा स्वप्नावरूनच सुचते, जसे युलगोकचे ह्यॉन्न्योंग हे नाव सुचले होते. फरक एवढाच, की मुलगा की मुलगी हे सोनोग्राफीनंतर कळून चुकलेले असते आणि स्वप्नाला त्याच्याशी मागाहून जुळवून घ्यावे लागते. मुलगी आहे असे कळल्यावर, स्वप्नात वाघ पाहिलेली आजी क्षणभर विचारात पडते, आणि मग तिला आठवते: वाघ होता खरा, पण पिल्लू होते, आणि त्याच्या डोक्यावर, आता नीट आठवते आहे, एक फूल होते.